माळ संपते, पण बोलणं सुरूच होत नाही

पत्र : मी ५३ वर्षांची, इंदूरला सुदामानगरात राहते. यजमान वर्षभरात निवृत्त होतील. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळूरला. १४ महिन्यांपूर्वी सासूबाई गेल्या. त्याआधी ९ वर्षं त्या अंथरुणावर होत्या, त्यांचं सगळं मीच केलं. त्या गेल्यापासून मी देवाचं वाढवलं. पहाटे पावणेपाचला उठते. पंचायतनाची षोडशोपचार पूजा, ‘श्रीराम जय राम जय जय राम’च्या ११ माळा, रामरक्षा, विष्णुसहस्रनाम, ११ वेळा हनुमान चालीसा. पावणेसात वाजतात. माळांना साधारण २५ मिनिटं लागतात. मंगळवारी खजराना गणपती. तेवढा वेळ बरं वाटतं, पण पोहे भिजवेपर्यंत पुन्हा रिकामं. एक दिवस चुकला तर धाकधूक होते. मुलाच्या लग्नासाठी नवस बोलले होते, तर जमलेलं लग्नच मोडलं. देवाचा राग येतो आणि राग आला म्हणून भीती वाटते. यजमान म्हणतात, एवढं देवाचं करतेस आणि घरात चिडचिड करतेस. परवा प्रवचनात ऐकलं, ‘देवाशी नातं जोडा, कायमचं समाधान मिळेल.’ नातं जोडायचं म्हणजे नक्की करायचं काय? आणि सासूबाईंची तुळशीची माळ देवघरात तशीच आहे. ती वापरली तर चालेल का?

ताई,

पत्रातलं एक वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात: ‘त्या गेल्यापासून मी देवाचं वाढवलं.’ मला सगळं तिथेच दिसतं. ९ वर्षं तुमची उपासना देवघरात नव्हती, सासूबाईंच्या खोलीत होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, अंग पुसायचं, चमच्याने पेज भरवायची, रात्री हाक आली की उठायचं. तिथे मन लागतंय का, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला नसेल. समोर माणूस होतं, त्याची हाक होती आणि तुमच्या हातांची त्याला गरज होती. ते संपलं. दिवसाचे पाच-सहा तास एकदम मोकळे झाले आणि त्या जागी तुम्ही स्तोत्रं आणून ठेवलीत. स्तोत्रं चांगलीच आहेत. पण त्या खोलीत जे होतं, ते स्तोत्रांची संख्या वाढवून परत येत नाही.

तेव्हा भक्ती कमी पडतेय हे आधी मनातून काढा. तुम्ही ज्याला रिकामपण म्हणता, त्यातला मोठा भाग शोक आहे. लोक म्हणाले असतील, ‘सुटल्या हो त्या, आणि तूही सुटलीस.’ तुम्हीही मान डोलावली असेल. सुटण्याचं दुःख असतं हे कुणी बोलत नाही, म्हणून ते देवघरात येऊन बसतं.

आता माळांचा हिशेब करू. त्रयोदशाक्षरी मंत्र, म्हणजे १३ अक्षरं. स्पष्ट उच्चार करून, घाई न करता एकदा म्हणायला साधारण ३ सेकंद लागतात. १०८ मण्यांची एक माळ झाली साडेपाच मिनिटांची, आणि ११ माळांना तास लागायला हवा. तुम्हाला २५ मिनिटं लागतात. ११८८ वेळा मंत्र म्हणायला १५०० सेकंद, म्हणजे एका मंत्राला सव्वा सेकंद. सव्वा सेकंदात १३ अक्षरं जिभेवरून जात नाहीत. ‘राम’ अर्धाच राहतो आणि मणी पुढे सरकतो. यात तुमचा दोष नाही. आकडा ठरवला की बोटं आकड्यासाठी धावतात आणि मन शेवटच्या माळेची वाट पाहत बसतं. संपलं की ‘झालं एकदाचं’ असं वाटतं. ते जे बरं वाटणं तुम्ही लिहिलंत, ते बरंचसं काम उरकल्याचं आहे. उरकलेल्या कामाचं सुख पोहे भिजेपर्यंतच टिकणार.

म्हणून ११ माळांच्या ३ करा. साडेसोळा मिनिटं लागतील. आधी वैखरीने, म्हणजे स्वतःला ऐकू येईल असं मोठ्याने. दुसरी माळ ओठ हलतील पण आवाज बाहेर येणार नाही अशी, तिला उपांशु म्हणतात. तिसरी मनात. उलटा क्रम लावू नका. मनातला जप श्रेष्ठ म्हणून पहिल्यापासून मनातच सुरू केला, तर पहाटे पाचला तो हमखास डुलकीत किंवा दुधाच्या हिशेबात जातो. डुलकी यायला लागली तर पुन्हा मोठ्याने म्हणा, नाहीतर उभं राहून म्हणा. मन भटकलं म्हणून माळ पहिल्यापासून धरू नका. ज्या मण्यावर लक्षात आलं त्या मण्यावरून पुढे. मन परत आणणं हाच जप. ते १० वेळा गेलं आणि १० वेळा आणलंत, तर १० वेळा जप झाला.

आता नात्याकडे येते. नात्याला समोर कुणीतरी लागतं, आणि ते कोण हे ठरलेलं असावं लागतं. नारदभक्तिसूत्रांत भक्तीचे ११ प्रकार सांगितले आहेत. दास म्हणून, मित्र म्हणून, आईबापाच्या मायेने, पत्नीच्या प्रेमाने, विरहाने अशा तऱ्हांनी माणूस देवाला धरतो. आपल्याकडे तर प्रत्येकाचं नातं डोळ्यांसमोर उभं राहतं. नामदेव हट्टी लेकरू झाले. जनाबाईला दळणाकांडणाला हात लावणारा सोबती हवा होता. समर्थ रामाचे दास. तुकोबांनी विठोबाला माउली म्हटलं आणि त्याच्याशी भांडलेही. एकाच देवाची ही नाती, पण कुणी दुसऱ्याचं उसनं घेतलं नाही.

तुमचं कुठलं, हे यादीतून आवडीने निवडायचं नसतं. रात्री अकराला अचानक फोन वाजला आणि छातीत धस्स झालं, की तोंडातून पहिलं काय निघतं ते पाहा. ‘देवा’, ‘रामा’, ‘आई गं’, ‘बाप्पा’, जे निघेल तोच तुमचा पत्ता. सध्या तुमची पत्रं पाच पत्त्यांवर जातात. रामाच्या माळा, विष्णूचं सहस्रनाम, हनुमंताची चालीसा, मंगळवारचा गणपती, पूजेत पंचायतन. देव एकच, हे खरंच आहे. पण बोलायला बसलेल्या माणसाला चेहरा एकच लागतो. जप रामाचा आहे आणि तो घरात आधीपासून चालत आलेला दिसतो, तर काही दिवस रामच धरा. बाकीच्यांना नमस्कार आहेच. खजरान्याला जा, पण लाडूचा प्रसाद घेऊन पाच मिनिटं तिथेच एका बाजूला बसा. रांगेतून आलात तशा परत निघू नका.

पूजा १६ उपचारांऐवजी ५ उपचारांची करा: गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. १०-१२ मिनिटं पुरतात. शास्त्राला पंचोपचार पूर्ण मान्य आहे, त्यात काही कमी राहत नाही. वेळ वाचला म्हणून घाई मात्र नको. सहाणेवर खोड उगाळताना रामाला थंड वाटावं म्हणून उगाळतेय, एवढं मनात असू दे. कलशात पाणी भरताना आपण सात नद्यांना बोलावतो, ‘नर्मदे सिंधु कावेरि’. इंदुरात ही नुसती कल्पना नाही. जलूदहून उचललेलं नर्मदेचं पाणी १९७८ पासून आपल्या नळांना येतं, आपण म्हणतोही ‘आज नर्मदा आली का?’ तेच पाणी तुमच्या तांब्यात आहे. श्लोक म्हणताना एकदा तांब्यात बघा. बोलावलेली नदी हातात आहे हे कळलं, की उरलेली पूजा आपोआप सावकाश होते. नैवेद्य दाखवताना डोळे मिटून मंत्र उरकण्यापेक्षा ताटलीत काय आहे ते सांगा: ‘आज दूध-साखर आहे, गूळ संपलाय.’ वेडेपणा वाटेल. चार दिवसांनी वाटणार नाही.

ज्याला प्रवचनकार नातं जोडणं म्हणतात, त्याचं मुख्य काम इथे सुरू होतं. माळा झाल्यावर ५ मिनिटं रामाशी बोलायचं. मोठ्याने, पुटपुटत का होईना, पण आवाजात. संस्कृत नको, पुस्तकी मराठीही नको. घरात जी हिंदी मिसळलेली मराठी बोलता तीच. ‘आप’ म्हणू नका, ‘तू’ म्हणा.

काय बोलायचं, असं विचाराल. तीन गोष्टी. काल घडलेली एक गोष्ट, कितीही बारीक. मग जी कुणाला सांगितली नाही अशी एक. शेवटी दुसऱ्या कुणासाठी एक मागणं. दुसरी गोष्ट अवघड जाते. पहिले चार-पाच दिवस काही सुचणार नाही, मग एकदम रडू येईल. येऊ द्या. इथे चूक होते ती अशी, की बोलणं हळूहळू देवाशी न राहता जाऊबाईंशी सुरू होतं. ‘त्या असं म्हणाल्या, मी असं म्हणायला हवं होतं’, आणि पाच मिनिटं भांडणाच्या तालमीत जातात. हे लक्षात आलं की वाक्याच्या आधी ‘रामा’ लावा. ‘रामा, मला त्यांचा राग आला.’ तेच वाक्य, पण तोंड वळतं.

त्यानंतर ३ मिनिटं गप्प. घड्याळ लावा, नाहीतर अर्ध्या मिनिटात उठाल. या तीन मिनिटांत बहुतेक दिवशी काहीही होत नाही. प्रकाश, आवाज, शहारे यांची वाट पाहू नका. आले तरी त्यांना महत्त्व देऊ नका, कारण दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत की ‘काल आले, आज का नाही’ म्हणून तुम्ही त्यांच्या मागे लागाल. देवाने काही सुचवलं असं वाटलं तर ते लगेच अमलात आणू नका, तीन दिवस थांबा. आणि एक पारख लावा. सुचलेल्या गोष्टीने माझा अहंकार फुगतो का, की मला थोडं झुकावं लागतं? कुणाला दुखवा, पैसे कुठे टाका, कुणाशी संबंध तोडा असं ‘सुचलं’ तर ते देवाकडून आलं नाही असं खुशाल समजा.

इंदुरात नानामहाराज तराणेकरांच्या परंपरेमुळे कितीतरी घरांत संध्याकाळी करुणात्रिपदी म्हटली जाते, तुम्हीही ऐकली असेल. टेंबे स्वामींच्या त्या रचनेत रागावलेल्या गुरूला ‘शांत हो’ म्हणून विनवलंय. अपराध कबूल केले आहेत, तूच माय तूच बाप म्हणून हक्कही सांगितलाय. बोलणं कसं असावं ते तिथून शिकावं. चालीसाची ११ आवर्तनं आणि रोजचं सहस्रनाम मात्र सध्या बाजूला ठेवा. चालीसा एकदा, शनिवारी. सहस्रनाम एकादशीला. रामरक्षा ३८ श्लोकांची आहे, ती दिवेलागणीला यजमानांच्या शेजारी बसून म्हणा. त्यांना येत नसली तरी.

वाचायला एकच गोष्ट देते. मनाचे श्लोक २०५ आहेत. रोज ५ घेतले तर ४१ दिवसांत होतात. ते पाठ म्हणू नका, वाचा. स्वतःच्या मनाशी कसं बोलायचं हे त्यांत शिकवलंय आणि तुमच्या चिडचिडीवर ते थेट लागू पडतं. ते संपले की ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय, रोज ५ ओव्या. सुमारे अडीचशे ओव्या आहेत, पन्नासेक दिवस लागतील. तोवर दुसरं पारायण धरू नका.

‘कायमचं समाधान’ हा शब्द प्रवचनात ऐकलात, तोही या अध्यायात आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सुरू होतात तेराव्या श्लोकापासून. कुणाचा द्वेष नाही, सर्वांशी मैत्री, करुणा, ममत्व नाही, अहंकार नाही, सुखदुःखात सारखा, क्षमा करणारा. एवढं झाल्यावर चौदाव्या श्लोकाच्या आरंभी येतं ‘संतुष्टः सततम्’. क्रम पाहा. समाधान क्षमेला लागून येतं. म्हणून यजमानांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, पण टाकूनही देऊ नका. देवाशी नातं जुळतंय का हे देवघरात कळत नाही, ते घरातलं माणूस सांगतं. पावणेपाचला उठून चिडचिड होत असेल तर झोप मोजा. रात्री अकरा वाजता निजून पावणेपाचला उठणं म्हणजे पावणेसहा तास. या वयात ते अपुरं पडतं. गीतेतच, सहाव्या अध्यायात, फार खाणाऱ्याला, अजिबात न खाणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला आणि फार जागणाऱ्याला योग साधत नाही असं स्पष्ट आहे. साडेपाचला उठा. आता बैठक चाळीस मिनिटांची झाली आहे, वेळ पुरतो.

चुकलेल्या दिवसाच्या धाकधुकीबद्दल. ही भीती बहुधा काम्य व्रतांतून आलेली असते. अमुक दिवस, अमुक संख्या, खंड पडला तर फळ नाही. फळासाठी केलेल्या व्रताला असा नियम असतो, कारण तो व्यवहार आहे. रोजच्या उपासनेला तो लावला की देव सावकार होतो आणि आपण हप्ता चुकवलेला माणूस. पान, फूल, फळ, पाणी, भक्तीने जे दिलं ते मी खातो, असं तो नवव्या अध्यायात सांगतो. त्यात संख्या नाही. ताप आला, मुलीकडे गेलात, आगगाडीत आहात, तेव्हा डोळे मिटून मनातच पाच उपचार करा. मनाने गंध, मनाने फूल. यालाच मानसपूजा म्हणतात. दुसऱ्या दिवशी ‘भरपाई’ म्हणून दुप्पट माळा करू नका. भरपाईने भीती आणखी घट्ट होते.

नवसाचं आणि रागाचं तुम्ही दोन ओळींत लिहिलंत, पण मला ते सर्वांत जड वाटलं. मागणं हलकं नसतं. गीतेत भक्तांचे चार प्रकार आहेत, त्यांत पहिलाच संकटात सापडलेला आर्त आहे, आणि चौघांनाही भगवंत उदार म्हणतात. तुम्ही मागितलंत यात काही चुकलं नाही. मिळालं नाही, आणि तुम्ही ते त्याला बोलूनही दाखवलं नाहीत. तिथे बोलणं थांबलं. त्या जागी माळा वाढल्या, आणि नवरा-बायकोत अबोला धरून कामं दुप्पट करावीत तसं झालं. रागाला भिऊ नका. तुकोबांनी विठोबाला काय काय सुनावलंय ते कुठल्याही गाथेत सापडेल, आणि तरी ते आपले तुकोबा आहेत. उद्याच्या पाच मिनिटांत सरळ सांगा: ‘रामा, लग्न मोडलं. तू बघत होतास. मला राग आलाय.’ आणि नवस बोललेल्या देवापुढे नारळ ठेवून सांगा, की ही बोली मी आता सोडते, मुलाचं बरं कर, कसं ते तू ठरव. नवस पुरा झाला नसेल तर फेडण्याचा प्रश्न येत नाही. पण मनात लटकलेला राहिला तर बोच राहते, म्हणून एकदा सोडवून टाका.

‘एवढं केलं तरी असं का झालं’ याचं उत्तर मी देऊ शकत नाही, आणि देणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका. पण राजवाड्यासमोर ज्यांचा पुतळा आहे त्या अहिल्याबाईंकडे पाहा. १७५४ मध्ये कुंभेरीला पती खंडेराव गेले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. पुढे नातू गेला, जावई गेला आणि १७९१ मध्ये मुलगी मुक्ताबाई सती गेली. शिवाची पूजा यांच्याइतकी कुणी केली असेल? पूजेने घरातलं एकही मरण टळलं नाही. राज्याचे हुकूम मात्र ‘श्री शंकर’ या नावाने निघत राहिले. राज्य त्याचं, मी त्याच्या वतीने सांभाळते, हे त्यांचं नातं होतं, आणि ते १७९५ मध्ये डोळे मिटेपर्यंत टिकलं. त्या सुखी होत्या का, हे मी म्हणणार नाही. रिकाम्या नव्हत्या, एवढं दिसतं.

आणि यातूनच तुमच्यासाठी सगळ्यात गरजेची गोष्ट येते. बाराव्या अध्यायात भगवंत पायऱ्या उतरत येतात. मन माझ्यात ठेव. ते जमत नसेल तर अभ्यास कर. तेही जमत नसेल तर माझ्यासाठी काम कर. तेही नाही, तर फळ सोड. लोक पहिल्या पायरीवर अडकून स्वतःला दोष देत बसतात. तुम्ही ९ वर्षं तिसऱ्या पायरीवर उभ्या होतात आणि तिथे तुमचे पाय पक्के आहेत. तिथे परत जा. तुमच्या हातात एक विद्या आहे जी फार थोड्यांकडे असते: अंथरुणावरच्या माणसाखालची चादर त्याला न उचलता कशी बदलायची, कूस कशी वळवायची, न ठसकता पाणी कसं पाजायचं. सुदामानगरात, अन्नपूर्णा मंदिराच्या परिसरात अशी घरं तुमच्या ओळखीत असतील जिथे एकटी सून किंवा एकटा मुलगा म्हाताऱ्या माणसाचं करतोय आणि महिनोन्‌महिने दोन तास बाहेर पडलेला नाही. एकच घर धरा. आठवड्यातून दोन वार ठरवा, दोन-दोन तास. त्या माणसापाशी तुम्ही बसा आणि करणाऱ्याला बाहेर पाठवा, बाजारात किंवा नुसतं फिरायला. दारातून आत जाताना मनात म्हणा, ‘रामा, तुझ्याकडे आले.’ बाहेर पडताना ‘तुझं झालं’. एवढाच संकल्प.

इथेही चुका होतात. एकदम चार घरं धरली जातात आणि महिन्यात कंबर धरते. किंवा त्या घरच्यांना शिकवायला सुरुवात होते, ‘आमच्याकडे आम्ही असं करायचो’. किंवा आभार मानले नाहीत म्हणून मन खट्टू होतं. तसं झालं तर ते दुसऱ्या दिवशीच्या पाच मिनिटांत सांगा, त्या घरात नाही. आणि पहिले काही दिवस सासूबाईंची फार आठवण येईल. तिला अडवू नका.

हे सगळं ४० दिवस न बदलता करा. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कोरडेपणा येईल. नवेपणा ओसरतो, बोलायला काही उरत नाही, माळ लाकडाची वाटते. यात काही बिघडलेलं नसतं. अशा वेळी लोक दोन गोष्टी करतात. संख्या वाढवतात, नाहीतर देव, मंत्र किंवा महाराज बदलतात. दोन्ही करू नका. वेळ तीच, आसन तेच, माळा तीनच. फक्त हे तपासा: झोप झाली का, कुणाची क्षमा मागायची राहिली आहे का, आणि काही बोलायचं टाळतेय का? बहुतेकदा तिसऱ्यात सापडतं.

सत्संगाला, भजनी मंडळाला जरूर जा, एकटीने सगळं करू नका. एखादे गुरू भेटले तर तीन गोष्टी पाहा. पैशाची मागणी, घरच्यांपासून लपवायला सांगणं आणि ‘मला प्रश्न विचारायचे नाहीत’ असा दम. यातलं एकही दिसलं तर नमस्कार करून निघा.

एक तपासणी देवघराबाहेरची. झोप लागत नाही किंवा पहाटे तीनलाच जाग येते, भूक गेलीय, कशातच रस नाही, जगावंसं वाटत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त रोज होत असेल, तर डॉक्टरांकडे जा. या वयात थायरॉईड आणि रक्त तपासून घ्याच. सरकारच्या ‘टेली मानस’ला १४४१६ या क्रमांकावर केव्हाही फोन करता येतो, पैसे लागत नाहीत. औषध घेणं म्हणजे श्रद्धा कमी, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. सासूबाईंना तुम्ही नुसतं तीर्थ पाजत बसला नव्हतात, औषधंही वेळेवर दिली होतीत.

आणि माळेचं. दुसऱ्याच्या जपाची माळ घेऊ नये असा एक संकेत आहे. तो परक्याच्या माळेबद्दल आहे असं मी समजते. सासूकडून सुनेकडे आलेली माळ परकी नाही. तुळशीचे मणी पाण्यात भिजवून ठेवू नका, फुगतात आणि चिरतात. ओल्या फडक्याने एकेक मणी पुसा, सावलीत दिवसभर सुकू द्या. इतक्या वर्षांचा दोरा कुजलेला असेल, जपाच्या मधेच तुटेल, म्हणून नव्या सुती दोऱ्यात ओवून घ्या. प्रत्येक मण्यानंतर गाठ मारली तर मणी एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी सांडत नाहीत. ओवण्याआधी मोजा. मेरुमणी, म्हणजे जोडावरचा मोठा मणी, सोडून १०८ हवेत. एखादा कमी निघाला तर तुळशीचा नवा घाला, रंग वेगळा दिसला तरी हरकत नाही. जपताना मेरुमणी ओलांडू नका, तिथून माळ उलटी फिरवा. ओवायचं काम दुकानात देऊ नका, दुपारी स्वतःच करा. दोन तास लागतील. त्या दोन तासांत जपही नको. सासूबाईंबद्दल रामाला जे सांगायचं राहिलंय ते सांगत ओवा.